पवई तलावात घेर घालून प्रदूषणाचा प्रयोग करायचा असेल तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सीचं दुसरं वर्ष, काम पवई तलावावर. गणेश विसर्जनाच्या आधी आणि नंतर पाण्याचे नमुने घेऊन झाले. पण त्याच दिवसांत पाऊस पडला, नाल्यातून सांडपाणी आलं, काठाची जलपर्णीही काढली गेली. त्यामुळे शेवाळ वाढलं ते पीओपीने, निर्माल्याने की सांडपाण्याने, हे सांगता येईना. म्हणून तलावातच प्लास्टिकचे घेर उभे करायचे आणि प्रत्येकात एकच गोष्ट घालून बघायचं, असा विचार आहे. घेर किती मोठे हवेत, किती हवेत, किती दिवस ठेवायचे आणि त्यातून निघालेलं उत्तर खरं मानायचं का?

विचार योग्य आहे. गेली पंचवीस वर्षं मी मुंबई-ठाण्याच्या तलावांवर आणि खाडीवर काम करते आहे, आणि 'आधी-नंतर'च्या नमुन्यांवरून कारण शोधायचा प्रयत्न फसलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. भाद्रपदात मुंबईतल्या कुठल्याही तलावात चार-पाच गोष्टी एकदमच बदलत असतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्या वेगळ्या करता येतात, पण बाटलीत गाळ नसतो, वारा नसतो, पाण्यातल्या पिसू-पाणकिडे नसतात. घेराच्या आत हे सगळं राहतं आणि तरीही काय घालायचं ते तुमच्या हातात असतं.

पद्धत जुनी आहे, तिच्यामागे मोठी पुण्याई आहे. 1960च्या दशकात उत्तर अमेरिकेत वाद होता की तलाव हिरवे पडतात ते कार्बनमुळे की फॉस्फरसमुळे. साबण उद्योगाला कार्बन हे उत्तर सोयीचं होतं, कारण डिटर्जंटमध्ये फॉस्फेट होतं. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या प्रायोगिक तलाव क्षेत्रात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली 226 क्रमांकाच्या तलावाच्या अरुंद कमरेत पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, शेजारचा नितळ राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. इंग्लंडमध्ये ब्लेलहॅम टार्न या तलावात जॉन लुंड यांनी 1970च्या सुमारास 45 मीटर व्यासाच्या रबरी नळकांड्या उभ्या केल्या, त्या अजूनही 'लुंड ट्यूब' म्हणून ओळखल्या जातात. समुद्रात हेच काम ब्रिटिश कोलंबियाच्या सानिच खाडीत 1970च्या दशकात झालं. तिथे तरंगत्या पिशव्यांत तांब्याची थोडी मात्रा दिल्यावर मोठे डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) मागे पडले आणि बारीक, शेपटीसारख्या तंतूने पोहणाऱ्या (कशाभिकाधारी) शैवालांनी त्यांची जागा घेतली. तांबं सोसणाऱ्या जाती वाढत गेल्या की एकूण हिरवेपणा पुन्हा भरून येतो, पण तो हिरवेपणा आता वेगळ्याच जिवांचा असतो. म्हणून केवळ क्लोरोफिल मोजून थांबू नका. दर वेळी एक बाटली ल्युगोलचं आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) घालून ठेवून द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

आता तुमच्या प्रयोगाकडे येते. पहिला निर्णय व्यासाचा किंवा संख्येचा नाही, तळाचा आहे. घेर खालून बंद ठेवायचा, म्हणजे पाण्यात लटकलेली पिशवी, की खालून उघडा ठेवून कडा गाळात रुतवायची?

पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाणी लागलं की त्याचा जिप्सम होतो आणि तो पाण्यात अगदी सावकाश विरघळतो. पाण्यापुरतं बघितलं तर थोडं कॅल्शियम वाढेल, सल्फेट वाढेल, जडपणा वाढेल आणि तुम्ही लिहाल की विशेष परिणाम नाही. पण सल्फेट गाळात उतरलं की गोष्ट बदलते. गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. काठीने गाळ ढवळल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हाच. आणि गाळात फॉस्फेट बरंचसं लोहाला चिकटून बसलेलं असतं. सल्फाइड त्या लोहाला ओढून घेतं, काळं आयर्न सल्फाइड बनतं आणि फॉस्फेट सुटून वर पाण्यात येतं. म्हणजे ज्या पीओपीत फॉस्फरसचा कणही नाही, ते तलावाच्या पोटात साठलेला फॉस्फरस मोकळा करू शकतं. उलट बाजूला, वाढलेलं कॅल्शियम थोडं फॉस्फेट बांधूनही ठेवू शकतं. दोन्हींत कोण भारी पडतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो खालून बंद पिशवीत सुटणारच नाही. घेर गाळात रुतलेलाच हवा.

हीच गोष्ट समुद्राच्या विसर्जनाला लागू होत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट आधीच असतं, जुहू-गिरगावच्या पाण्यात पीओपीमुळे त्यात जाणवेल अशी भर पडत नाही. तिथले प्रश्न वेगळे: रंगातले धातू आणि तुकड्यांखाली दबलेला तळ. गोड्या पाण्यातला निष्कर्ष उचलून चौपाटीवर लावू नका.

काय काय घालायचं ते तुम्ही विचारलं नाही, पण सुचवते. पीओपी, शाडू, निर्माल्य आणि काहीही न घातलेला, म्हणजे रिकामा घेर. शाडू वगळू नका. शाडूची मूर्ती निर्धोक धरून चालायची सवय आहे, पण बारीक माती पाण्यात तरंगत राहिली की उजेड खाली जात नाही आणि पाण्यातल्या वनस्पतींना काही दिवस तो फटका बसतो. तो किती दिवस टिकतो हे मोजलेलं असेल तर शाडूच्या बाजूने बोलताना तुमच्या शब्दाला वजन येईल. निर्माल्य प्राणवायू खातं, आणि माझ्या अंदाजाने तुमच्या चार घेरांत सर्वात जलद परिणाम त्याचाच दिसेल.

रंगवलेल्या मूर्तीचे तुकडे मात्र तलावात घालू नका. शिसं, क्रोमियम असले धातू सार्वजनिक पाण्यात मुद्दाम सोडण्याचा हक्क आपल्याला नाही, तिथे लोक गळ टाकून मासे धरतात. तो भाग काठावर, तलावाचं पाणी आणि तलावाचाच गाळ भरलेल्या हजार लिटरच्या टाक्यांत करा. काळी टाकी उन्हात तापते, तेव्हा ती अर्धी जमिनीत पुरा किंवा बाहेरून पांढऱ्या कापडाने गुंडाळा. प्रयोग संपल्यावर ते पाणी आणि गाळ घातक कचरा समजून विल्हेवाटीला द्या. विहार आणि तुळशीचा तर विचारही करू नका, ते पाणी मुंबई पिते. पवईचं पाणी पिण्यासाठी नाही, तरी महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या, आणि तलावात मगरी आहेत हे तुमच्या घरच्यांनाही माहीत असू द्या. एकट्याने आणि अंधारात पाण्यात उतरायचं नाही. होडीत दोघं, काठावर तिसरा.

आता भिंतीबद्दल, कारण बहुतेक प्रयोग इथेच चुकतात.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात आम्ही एक मीटर व्यासाचे घेर वापरले होते. दोन आठवडे खत घातलेल्या घेरांत पाणी हिरवं होत गेलं, सगळं अपेक्षेप्रमाणे. तिसऱ्या आठवड्यात क्लोरोफिल एकदम उतरलं. फॉस्फेटही उतरलं. दोन दिवस आम्ही उपकरणावर संशय घेत बसलो. मग घेराची कड उचलून आत हात घातला तर प्लास्टिकवर बोटाच्या पेराएवढी जाड, निसरडी, हिरवट-तपकिरी साय. पाण्यातला फॉस्फरस पाण्यातून गेला नव्हता, भिंतीवर चढून बसला होता. ब्लेडने तळहाताएवढा तुकडा खरवडला आणि पांढऱ्या ताटलीत पाण्यात सोडला, तर त्यात डायटम, तंतुमय शेवाळ आणि लालसर कृमींची पिल्लं वळवळत होती. अख्खा तलाव एक मीटरच्या घेरात येत नाही, पण त्याचा काठ मात्र नको तितका येतो.

हिशेब सोपा आहे. नळकांड्याच्या भिंतीचं क्षेत्रफळ भागिले आतल्या पाण्याचं आकारमान म्हणजे चार भागिले व्यास. एक मीटर व्यासाला दर घनमीटर पाण्यामागे चार चौरस मीटर भिंत येते, दोन मीटरला दोन, पाच मीटरला 0.8. तुमच्या बजेटमध्ये दोन मीटरचे घेर बसतील. दोन मीटर खोल पाण्यात त्यात सुमारे 6,280 लिटर पाणी आणि साडेबारा चौरस मीटर भिंत असेल. भिंत पुसत बसू नका, पुसल्यावर ती साय पाण्यात उतरते आणि गोंधळ वाढतो. त्याऐवजी ज्या ताडपत्रीचा घेर केला तिच्याच पाच सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापून पहिल्याच दिवशी आत लटकवा. दर आठवड्याला एक पट्टी काढायची, टूथब्रशने ताटलीत घासायची, गाळायचं आणि नव्वद टक्के ॲसिटोनमध्ये क्लोरोफिल काढायचं. पाण्यातला हिरवेपणा आणि भिंतीवरचा हिरवेपणा, दोन्ही मिळून हिशेब जुळला पाहिजे. आणि प्रयोग पाच-सहा आठवड्यांपलीकडे ओढू नका. त्यानंतर तुम्ही तलावापेक्षा ताडपत्रीचा अभ्यास करत असता.

भिंत आणखी एक करते. वारा अडवते. बाहेर पाणी हलतं, आत ते स्थिर राहतं. जड डायटम खाली बसतात, तरंगणाऱ्या निळ्या-हिरव्या शैवालांचं फावतं, दुपारी वरचं पाणी आणि तळाचं पाणी यांच्या तापमानात बाहेरपेक्षा जास्त फरक पडतो. म्हणून घेराबाहेरच्या तलावाचे नमुने प्रत्येक फेरीत घ्याच. तलाव आणि रिकामा घेर यांतला फरक म्हणजे भिंतीचा परिणाम. रिकामा घेर आणि पीओपीचा घेर यांतला फरक म्हणजे पीओपीचा. पहिला फरक दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. कुठलाही जाणता परीक्षक त्याबद्दल गुण कापणार नाही.

पवईत तर या रिकाम्या घेराकडे मी सर्वात जास्त लक्ष देईन. कॅनडातले ते तलाव स्वच्छ होते, त्यामुळे काही घातलं की लगेच दिसायचं. पवईत खत आधीच भरपूर आहे. तिथे घेर घातला की नाल्याचं पाणी आत येणं थांबतं. म्हणजे तुमचा रिकामा घेर हा 'सांडपाणी आजपासून बंद केलं तर काय होईल' याचा छोटा प्रयोगच आहे. आतलं पाणी निवळत गेलं तर बाहेरून येणारा भार मुख्य. निवळलंच नाही, तर गाळातून फॉस्फरस सुटत राहतो आहे. पवईवर इतका खर्च होतो, जलपर्णी काढली जाते, पुन्हा येते. आधी नाले वळवायचे की गाळाकडे बघायचं, हे या एका तुलनेने पुष्कळ उलगडेल. पीओपीच्या प्रश्नापेक्षाही मला हे उत्तर हवं आहे. मात्र स्थिर पाण्याचा परिणाम वेगळा काढण्यासाठी एका घेराला पाण्याखाली मोठ्या खिडक्या ठेवा, म्हणजे भिंत तीच पण पाण्याची ये-जा चालू.

दुसरीकडे, खतावलेल्या तलावात शेवाळ मुळात प्रतिसाद देऊ शकतं का, हेही तपासावं लागतं. त्यासाठी एका घेरात फॉस्फेट घाला. लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम फॉस्फरस वाढवायचा तर 6,280 लिटरला 314 मिलिग्रॅम लागतो, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 1.4 ग्रॅमही नाही. चमच्याच्या टोकावर मावेल इतकं. इतकं घालूनही काही झालं नाही तर त्या महिन्यात शेवाळाला फॉस्फरस कमी पडत नाही, कदाचित उजेड कमी पडतो आहे. मग पीओपीने फॉस्फरस सुटला तरी हिरवेपणा वाढणार नाही आणि तुम्हाला फॉस्फेट थेट मोजावं लागेल. पीओपीचंही असंच गणित करा: सल्फेट लिटरमागे 50 मिलिग्रॅम वाढवायचं तर घट्ट झालेलं, न रंगवलेलं पीओपी सुमारे 560 ग्रॅम लागेल, आणि ते सगळं विरघळायला वेळ लागतो, म्हणून घातलेल्या वजनावर विसंबू नका, सल्फेट मोजा.

घेर किती? चार प्रकारांचे तीन-तीन धरले तर बारा, शिवाय फॉस्फेटचा एक आणि खिडक्यांचा एक. इतके परवडत नसतील तर प्रकार कमी करा, पण एका घेरातून पाच बाटल्या भरून त्यांना पाच स्वतंत्र नमुने समजू नका. परिसंस्थांचे अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला खोटी पुनरावृत्ती म्हणून नाव दिलं, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत ती अजून सर्रास दिसते. फक्त पीओपीवर भर द्यायचा असेल तर मी वेगळी मांडणी पसंत करते: तीन रिकामे आणि बाकीचे चढत्या मात्रेचे, प्रत्येक मात्रेला एकेक. मात्रा आणि परिणाम यांची रेषा मिळाली की महापालिकेला 'इतक्या मूर्तींपर्यंत इतकं' असं काही तरी सांगता येतं. कुठल्या घेरात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. काठाजवळचे सगळे रिकामे आणि आतले सगळे पीओपीचे असं झालं तर संपलं.

उभारणीबद्दल थोडं. नवी ताडपत्री एक-दोन आठवडे पाण्यात भिजत ठेवून मग वापरा, नव्या प्लास्टिकमधून काही ना काही उतरतं. वरच्या कडेला एचडीपीई पाइपचं कडं, खालच्या कडेला साखळी शिवून घ्या. सगळे घेर एकाच दिवशी, वरून खाली सोडा, गाळ ढवळू न देता. पाण्यावर निदान चाळीस सेंटीमीटर कड राहू द्या आणि ताडपत्रीला ढील ठेवा, एका मोठ्या पावसात पातळी चढते. मग आठवडाभर काहीही न घालता थांबा आणि दोन फेऱ्यांचे नमुने घ्या. त्याच वेळी बारीक जाळीने आतले मासे काढा. एका घेरात तिलापियाची पिल्लं राहून गेली तर ती प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खाऊन टाकतात, शेवाळ खाणारं कोणी उरत नाही, आणि तो घेर तुम्ही काहीही न घालता हिरवा होतो.

पाणकावळ्यांचाही बंदोबस्त करा. तरंगणारं कडं त्यांना पंख वाळवायला फार आवडतं आणि त्यांच्या विष्ठेत फॉस्फरस असतो. 1.4 ग्रॅमच्या मात्रेचा हिशेब आठवा, म्हणजे चार पक्षी महिनाभर बसले तर काय होईल ते कळेल. कड्यावर नायलॉनची दोरी एक वीत वर ताणली तरी ते बसत नाहीत.

आणि नमुन्यांची वेळ. मुलं पहिली लोकल पकडून, कांजूरमार्गला उतरून, होडी मिळवून पाण्यावर जातात तोवर दहा-अकरा वाजलेले असतात. त्या वेळी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं आणि निर्माल्याचा घेरही निरोगी दिसतो. मासे मरतात ते पहाटे. आठवड्यातून एकदा तरी उजाडता उजाडता आणि त्याच दिवशी दुपारी तीनला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, मोजा. मीटर असलाच तरी काही बाटल्या होडीतच विंकलरच्या (प्राणवायू मोजण्याच्या रासायनिक पद्धतीच्या) द्रावणांनी पक्क्या करा, म्हणजे मीटर सरकला तर कळेल. सूर्योदयाआधी होडी नेऊ देत नसतील तर नोंदणी करणारा सेन्सर रात्रभर लटकवून ठेवा.

याच पद्धतीने पुढे ठाणे खाडीत काम करावं का, असंही शेवटी विचारलं आहे. पाण्याचे घेर तिथे चालणार नाहीत. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते, ओहोटीला त्याच जागी चिखल उघडा पडतो. कोळी बांधवांना विचारा, प्रवाहात बांधलेल्या डोल जाळ्याचे खुंटसुद्धा भरती-ओहोटीची ती ओढ किती जपून सोसतात. तिथे चिखलावर काम करायचं: गाळाचे ट्रे पुरायचे, किंवा जाळीचे पिंजरे लावायचे. पिंजऱ्यालाही भिंतच आहे. तो प्रवाह मंदावतो, आत बारीक गाळ साठतो, आणि कृमी वाढले ते फ्लेमिंगोंपासून वाचल्यामुळे की मऊ गाळामुळे ते कळत नाही. म्हणून दोन बाजू उघड्या ठेवलेले अर्धवट पिंजरेही लावावे लागतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आधी जा, आणि तिथे प्रदूषक घालण्याचा प्रस्ताव नेऊ नका. आधीच प्रदूषित असलेल्या भागातला गाळ आणि स्वच्छ भागातला गाळ ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवून तुलना करणं पुरेसं बोलकं असतं.

पवईत शेवटच्या दिवशी घाई करू नका. घेर उचलायच्या आधी प्रत्येकातून गाळात नळी रुतवून गाळाचा एक उभा नमुना काढा. पीओपीच्या घेरात गाळाचा वरचा थर काळा पडलेला दिसला तर त्याचा उजेडात लगेच फोटो घ्या, अर्ध्या तासात हवा लागून तो रंग जातो. मग भिंतीच्या पट्ट्या, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी साखळीची कड एका बाजूने हळूहळू वर.